देणारे तयार होते, खातं नव्हतं

नाशिकचं इंग्रजी स्पेलिंग दोन तऱ्हांनी होतं. जुन्या कागदांवर 'एस'नंतर 'एच' नसतो, नव्यांवर असतो. त्या एका अक्षरापायी आमच्या संस्थेचं बँक खातं चार महिने लटकलं आणि वाचकांनी देऊ केलेले पैसे घ्यायला आमच्याकडे जागाच नव्हती. मोफत चालणारं गावाचं संकेतस्थळ जगवायचं म्हटलं की लोक पैसे देतील का, ही काळजी सगळेच करतात. लोक देतात. गाडी अडते ती पैसे कोणाच्या नावावर घ्यायचे इथे. अजून राग गेलेला नाही म्हणूनच सविस्तर लिहितोय, दुसऱ्या कोणाचे तरी चार महिने वाचावेत.

आमच्या संकेतस्थळावर गंगापूर धरणाचा साठा आणि विसर्ग, पाणी न येण्याचे दिवस, लासलगाव-पिंपळगावचे कांद्याचे भाव, रक्तपेढ्यांचे फोन असं रोजच्या गरजेचं असतं. खर्च स्थानिक जाहिरातींतून निघायचा. २०२० च्या टाळेबंदीत क्लासेस आणि मंगल कार्यालयांच्या जाहिराती गेल्या. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यातबंदी आली, ती मे २०२४ पर्यंत राहिली, तेव्हा कृषी सेवा केंद्रांनीही हात आखडता घेतला. मग ठरलं, संस्था नोंदवायची आणि वाचकांकडूनच वर्गणी घ्यायची. सात सभासद, १८६० च्या कायद्याखाली संस्था आणि १९५० च्या कायद्याखाली सार्वजनिक न्यास, ही दुहेरी नोंदणी धर्मादाय कार्यालयात रीतसर झाली. पॅनही आलं. इथपर्यंत तक्रार नाही.

आता खातं.

नोंदणीची प्रमाणपत्रं मराठीत असतात. संस्थेचं इंग्रजी नाव त्यांवर कुठेच नसतं, म्हणजे पहिला इंग्रजी फॉर्म जो भरेल तो तुमचं स्पेलिंग ठरवून टाकतो. आमच्याकडे पॅनच्या अर्जात 'एच' नसलेलं नाशिक गेलं. ऑनलाइन अर्जात 'एच' असलेलं होतं. 'संस्था' हा शब्द एकीकडे 'एन'ने, दुसरीकडे 'एम'ने. बँकेच्या संगणकात नावाच्या रकान्याला अक्षरांची मर्यादा होती, म्हणून काउंटरवर नाव तोडून तिसरंच रूप तयार झालं. मराठीत वाचलं तर तिन्ही एकच. खातं उघडण्याची तपासणी मात्र शाखेत होत नाही, ती परराज्यातल्या मध्यवर्ती कार्यालयात होते, आणि तिथला माणूस अक्षराला अक्षर लावून बघतो. फाइल परत.

पॅन दुरुस्ती शंभर-सव्वाशे रुपयांत होते, पण नवीन कार्ड हातात यायला तीन आठवडे गेले. फाइल पुन्हा पाठवली. या वेळी तारखेवर अडली. महाराष्ट्रात संस्थेला दोन प्रमाणपत्रं मिळतात आणि दोन्हींवरच्या तारखा वेगळ्या असू शकतात. पॅनवर संस्था नोंदणीची तारीख होती, तपासणाऱ्याने न्यासाच्या प्रमाणपत्रावरची धरली. बाकीच्या बऱ्याच राज्यांत असा दुहेरी प्रकार नाही, त्यामुळे तिथल्या माणसाला हे कळत नाही आणि शाखेतला कळत असूनही सांगत नाही. त्यानंतर पॅनचं चौथं अक्षर. व्यक्तीला 'पी', न्यासाला 'टी', व्यक्तींच्या संघाला 'ए'. आमचं 'ए' होतं आणि शाखेने फॉर्म 'ट्रस्ट'चा भरून घेतला होता. फाइल परत. चौथ्या वेळी खातं उघडण्याचा ठराव मराठीत आहे म्हणून.

या चारही त्रुटी पहिल्याच दिवशी दिसत होत्या. एका फेरीत एकच सांगायची, दुसरी पुढच्या फेरीत, आणि दर फेरीला अडीच-तीन आठवडे. काउंटरवर "वरून आलंय" एवढंच उत्तर. कागद कमी असतील तर आणून देऊ, पण सगळे एकदम सांगायला काय हरकत होती? हा राग माझा एकट्याचा नाही, संस्था चालवणाऱ्या बहुतेकांचा आहे.

काम हललं ते एका पत्राने. लेटरहेडवर शाखा व्यवस्थापकांना लिहिलं: आजवर फाइल कोणकोणत्या तारखांना आणि कशासाठी परत आली, आणि उरलेल्या सर्व त्रुटी एकत्र लेखी कळवाव्यात. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतली. बँकेने लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, हे वाक्यही शेवटी टाकलं. तशी तक्रार करावी लागली नाही. आठ दिवसांत पूर्ण यादी आली. हे पत्र पहिली फाइल परत आली त्याच आठवड्यात द्यायला हवं होतं. आम्ही भिडेखातर थांबलो, तुम्ही थांबू नका.

फाइलमध्ये काय असावं ते सांगतो. दोन्ही प्रमाणपत्रं आणि नियम-नियमावलीची प्रमाणित प्रत. कार्यकारिणीची यादी. पॅन. सह्या करणाऱ्यांचे आधार, पॅन, फोटो. जागामालकाचं संमतीपत्र आणि त्याच्याच नावाचं चालू वीजबिल. खातं उघडण्याचा ठराव, आणि तो बँकेच्या छापील नमुन्यातच, कारण आपल्या शब्दांत लिहिलेला चालत नाही. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर अध्यक्ष आणि सचिवांच्या सहीने सोबत लावा, कोणी मागितलं नसलं तरी. शिवाय एका पानाचा खुलासा: महाराष्ट्रात दोन कायद्यांखाली नोंदणी कशी होते, म्हणून दोन क्रमांक आणि दोन तारखा, आणि पॅनवर त्यांतली कोणती आहे. हे पान लावल्यावर फाइल परत आली नाही.

शाखेत चालू खातंच घ्यावं लागेल असं सांगतील. १८६० च्या कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेला बचत खातं उघडता येतं, रिझर्व्ह बँकेच्या नियमात तशी सूट आहे. चालू खात्यावर व्याज नाही आणि किमान शिल्लक मोठी. आमच्यासारख्या संस्थेचे दहा हजार नुसते शिल्लक म्हणून अडकणं परवडत नाही.

खरा उपाय याच्या कितीतरी आधीचा आहे. पहिल्या सभेच्या ठरावात आणि नियमावलीच्या पहिल्याच कलमात संस्थेचं इंग्रजी नाव मोठ्या अक्षरांत लिहून टाका. मग पुढचा प्रत्येक फॉर्म त्यावरून भरायचा. नाव छोटं ठेवा, जोडाक्षरं टाळा आणि गावाचं नाव त्यात घालू नका. पत्त्यात नाशिक येतंच.

खातं उघडल्यावर वाटलं सुटलो, तर ऑनलाइन देणगीची सोय देणाऱ्या कंपनीची पडताळणी पुढे उभी. ते खात्यात एक रुपया पाठवतात, बँकेकडून खातेदाराचं नाव परत येतं, आणि ते पॅनवरच्या नावाशी जुळवतात. आमचं नाव बँकेने तोडलेलं, त्यामुळे 'नाव जुळत नाही'. पासबुकात मात्र तो एक रुपया जमा झालेला दिसत होता. शाखेत पुन्हा अर्ज देऊन नाव पूर्ण करून घ्यावं लागलं. खातं उघडायच्या दिवशीच संगणकावर नाव कसं दिसतंय ते डोळ्यांनी बघा, पासबुक छापून घ्या आणि मगच शाखेतून निघा. हीच कंपनी संकेतस्थळावर परताव्याचं धोरण, अटी आणि संपर्काचं पान आहे का तेही बघते. देणगीचा कसला परतावा, असं वाटतं, पण ते पान नसेल तर अर्ज नामंजूर होतो. 'चुकून दोनदा कापलेली रक्कम सात दिवसांत परत' एवढी ओळ पुरते.

खातं नसताना खजिनदाराच्या स्वतःच्या यूपीआयवर पैसे घ्या, असं बऱ्याच हितचिंतकांनी सुचवलं. घेऊ नका, आठ दिवसांपुरतेसुद्धा. ते पैसे त्याचं उत्पन्न नाहीत हे पुढे त्यालाच सिद्ध करत बसावं लागतं, आणि वाचकांना हिशेब दाखवताना आपलीच मान खाली जाते.

ते चार महिने आम्ही खर्च कमी करून काढले, आणि ते काम आधीच करायला हवं होतं. मोबाइलवरचे फोटो चार-पाच एमबीचे तसेच चढवले जात होते. वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात बदलून दीडशे केबीच्या आत आणले. व्हिडिओ सर्व्हरवरून काढून यूट्यूबवर टाकले. धरणातून पाणी सोडलं की सगळं नाशिक एकच प्रश्न विचारतं, दुतोंड्या मारुतीला, म्हणजे गोदापात्रातल्या ज्या मूर्तीवरून पुराची उंची जोखतात तिला, पाणी कुठपर्यंत आलं? त्या दोन दिवसांची गर्दी झेपावी म्हणून वर्षभर मोठा सर्व्हर पोसत होतो. आता त्या दिवसांसाठी फक्त मजकुराचं, तयार करून ठेवलेलं वीस केबीचं पान असतं. ते दर दहा मिनिटांनी एकदाच बनतं आणि सगळ्यांना तेच जातं. सर्व्हरच्या नोंदी वाचल्यावर कळलं की पानं उपसणारे बॉट, म्हणजे आपोआप फिरणारे संगणकी प्रोग्रामही भरपूर आहेत. कोणती पानं वाचू नयेत हे सांगणारी रोबोट्स फाइल प्रामाणिक बॉटच पाळतात, बाकीच्यांना वाटेतच अडवावं लागतं. संकेतस्थळाची जोडणी सुरक्षित करणाऱ्या एसएसएल प्रमाणपत्रासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका, लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा सेवेचं मोफत मिळतं. त्याची मुदत कमी असते म्हणून नूतनीकरण आपोआप होतंय ना, ते महिन्यातून एकदा बघा. एवढ्यावर सर्व्हरचा खर्च निम्म्याखाली आला.

परदेशी कंपनीचं बिल कार्डावरून आपोआप जाईल या भरवशावर राहू नका. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरच्या नियमित वजावटीला आधी नोंदवलेली संमती लागते, ती नसेल तर बिल मुकाट्याने नाकारलं जातं. वर्षाचे पैसे एकदम भरा. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, संस्थेच्या नावावर आणि तीन-चार वर्षांसाठी घ्या, आणि मुदतीची सूचना दोन माणसांच्या ईमेलवर येऊ द्या. मुदत उलटून डोमेन पुनर्प्राप्तीच्या टप्प्यात गेलं तर सोडवायला वर्षाच्या शुल्काच्या कैक पट मोजावे लागतात.

वाचकांकडे मागताना आकडा नेमका सांगा. 'मदत करा' म्हटलं तर लोक वाचून पुढे जातात. 'यंदाचा खर्च ४२,००० रुपये, जमा १७,३००, बाकी २४,७००' असं लिहिलं तर शंभर-शंभर रुपये येत राहतात. वर्षातून दोनदाच मागा, पुराच्या दिवसांत कधीच नको. यूपीआयवर व्यापाऱ्याकडून घ्यायचं शुल्क जानेवारी २०२० पासून शून्य आहे, तरी मधली कंपनी स्वतःचं वेगळं शुल्क लावते का ते करारात बघा. कार्डावर साधारण दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे शंभरातले २ रुपये ३६ पैसे जातात. म्हणून क्यूआर वर, कार्ड खाली. दरमहा ५० रुपये आपोआप कापणाऱ्या ऑटोपेपेक्षा वर्षाला एकदाच ५०० बरे. प्रत्येक वजावटीच्या २४ तास आधी सूचना जाते, आणि दर महिन्याला ती आली की काही जण बंद करतात.

८०-जीचं, म्हणजे देणगीदाराला करात वजावट देणाऱ्या १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलमाचं, महत्त्व मला सुरुवातीला फार वाटलं होतं. नव्या करप्रणालीत ती वजावट मिळतच नाही, त्यामुळे नोकरदार वाचक आता विचारत नाहीत. दुकानदार आणि निवृत्त मंडळी विचारतात. तात्पुरती मान्यता तीन वर्षांची असते. २,००० च्या वरच्या रोख देणगीला सवलत नाही, म्हणून रोख घेऊच नका. आणि मंजुरी हातात येईपर्यंत पावतीवर ८०-जी छापू नका.

जाहिराती घेत असाल तर एक मर्यादा लक्षात ठेवा. आमच्यासारखं सार्वजनिक उपयोगाचं काम करणाऱ्या संस्थेची व्यावसायिक जमा वर्षाच्या एकूण जमेच्या २० टक्क्यांवर गेली तर त्या वर्षाची करसवलत जाते. त्यामुळे वर्गणी वाढेल तेवढीच जाहिरात घेता येते. जाहिरातीचं बिल वेगळं, देणगीची पावती वेगळी.

अमेरिकेतल्या नाशिककरांचे निरोप येतात. भारतीय पासपोर्ट असलेल्याचे पैसे चालतात, पासपोर्टची प्रत ठेवा. तिकडचं नागरिकत्व घेतलेल्याचे पैसे कायद्याने परकीय ठरतात, मग तो पंचवटीत जन्मलेला का असेना. एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर असा एक रुपयाही घेता येत नाही, आणि त्या नोंदणीसाठी तीन वर्षांत १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. नम्रपणे नाही म्हणा.

कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करा. तो मंजूर नसेल तर बँक नव्या सह्या घेत नाही आणि जुने पदाधिकारी सही करायला सापडत नाहीत. लेखापरीक्षण सप्टेंबरअखेर.

शिक्का सगळ्यात शेवटी बनवा. पॅन, बँक आणि नियमावलीवरचं स्पेलिंग एकसारखं झालं की मगच. आमचे दोन गोल शिक्के फुकट गेले, एक 'एच' नसलेला आणि एक 'एम' असलेला.