मासे कुठले ते नंतर, आधी बोटीत कोण ते ठरवा

माझा भाऊ सॅन डिएगोत इतकी वर्षं राहतोय, रोज किनाऱ्यावर पळायला जातो, पण मासेमारीच्या बोटीवर कधी चढला नव्हता. मी पाहुणी म्हणून गेले आणि मला समुद्रात गळ टाकायचाय म्हटल्यावर त्याला एकदम उत्साह आला. लगेच फोन काढून दिवसभराच्या ट्रिपा बघायला लागला. जातोच आहोत तर मोठा यलोटेल मासाच धरू, म्हणे. पण येणार कोण? वहिनीला गाडीत मागे बसलं तरी मळमळतं, आई पंचाहत्तरीची आणि भाचा बारा वर्षांचा. या मंडळींना घेऊन दिवसभर भर समुद्रात? मी साफ नाही म्हटलं.

तिकडे बोटींचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक ‘ओपन पार्टी’ बोट. तिच्यात आपण आपापलं तिकीट काढायचं आणि अनोळखी लोकांच्या खांद्याला खांदा लावून कठड्याशी उभं राहायचं. दुसरी ‘सिक्स-पॅक’. ती छोटी असते, जास्तीत जास्त सहा प्रवासी नेते आणि अख्खी आपल्यापुरती ठरवता येते. ऐकायला सिक्स-पॅक छान वाटते, पण छोटी बोट जास्त हलते. आम्ही मोठ्या बोटीची अर्ध्या दिवसाची ट्रिप घेतली. ती पॉइंट लोमाच्या भूशिराजवळच्या केल्पच्या, म्हणजे उंच वाढणाऱ्या समुद्री शेवाळाच्या, रानापर्यंतच जाते, किनारा नजरेआड होत नाही. आईला तेवढाच धीर.

स्वच्छ दिवशी किनाऱ्यावरून कोरोनाडो बेटं दिसतात. मासेही तिथे भरपूर. पण ती बेटं मेक्सिकोची! तिकडे जाणाऱ्या बोटीवर पासपोर्ट लागतो आणि मासे धरायचा परवानाही मेक्सिकोचा. भाऊ म्हणाला, ‘‘पासपोर्ट आहेच की तुझ्याकडे.’’ त्याला काय जातंय सांगायला, व्हिसा माझा आहे. पाहुण्याने हौसेखातर सरहद्द ओलांडण्याच्या फंदात पडूच नये. जायचंच असेल तर बोटवाल्याला आणि व्हिसाच्या जाणकाराला आधी विचारून घ्यावं.

कॅलिफोर्नियाचा परवाना मात्र ऑनलाइन सहज मिळतो. सोळा वर्षांखालच्यांना तो लागतच नाही. पाहुण्यांसाठी एका दिवसाचा परवाना असतो, आणि तो घेतला की दक्षिण कॅलिफोर्नियात समुद्रातल्या मासेमारीसाठी लागणारा जादा शिक्काही माफ. नुसतं बघायला येणाऱ्याला परवाना नको. म्हणजे आमच्यात फक्त मी आणि भाऊ.

तारीख ठरवताना भाऊ ऊन बघत होता, मी लाटा बघत होते. लाटांची नुसती उंची बघून काही कळत नाही, दोन लाटांमधलं अंतर किती सेकंदांचं तेही बघायचं. तीन फुटांची लाट चौदा सेकंदांनी आली तर बोट संथ वरखाली होते, तीच सहा सेकंदांनी आली तर पोट ढवळून काढते. वहिनीने डॉक्टरांना विचारून निघायच्या आधीच गोळी घेतली आणि केबिनमध्ये न जाता मागच्या बाजूला क्षितिजाकडे बघत उभी राहिली. शेवटपर्यंत ठणठणीत!

खाडीतून बाहेर पडायच्या आधी बोट आमिषाच्या तराफ्याला लागते. तिथे जाळीदार हौदांत जिवंत तारल्या खच्चून भरलेल्या असतात आणि कडेने सी-लायन गाद्यांसारखे एकमेकांवर लोळत असतात. वास विचारू नका. भाच्याने नाक दाबून सगळे फोटो काढले.

पहिला मासा त्यालाच लागला, कॅलिको बास. डेकवरच्या पोराने पट्टीवर ठेवून मापला, साडेतेरा इंच. कायदा चौदाचा. गेला परत पाण्यात. ‘‘आत्या, शेपटी जरा ताणली असती तर?’’ वकील होणार हा.

मला लागला स्कल्पिन. विटकरी रंगाचा, अंगभर ठिपके, तोंड वाकडं. मी हात पुढे करणार तोच तो पोरगा ओरडला, ‘‘हात लावू नका!’’ त्याच्या पाठीवरच्या काट्यांत विष असतं. त्याने पक्कडीने गरी सोडवली आणि मासा माझ्या नंबरच्या गोणपाटात टाकला. ज्याचा त्याचा नंबर, ज्याची त्याची गोणी, त्यामुळे परतताना भांडण नाही.

परतीच्या वाटेवर हीच पोरं मासे साफ करून देतात. त्याचे पैसे वेगळे, वर टीपही द्यायची, आणि त्यात हात आखडू नये. भावाला पुढे दोन चांगले कॅलिको मिळाले होते, त्यांच्या तुकड्यांवर इंचभर कातडी तशीच ठेवलेली दिसली. तपासनीस आला तर मासा कुठला ते ओळखू यायला हवं, असा नियम आहे. वहिनी ती कातडी घरी काढू म्हणाली. बर्फाची पेटी गाडीत होतीच, ती भरली आणि निघालो. भाऊ वाटेतच पुढच्या ट्रिपच्या तारखा बघायला लागला, पुन्हा दिवसभराच्या.