आईचं नाक

स्वयंपाकघरातल्या टेबलावर सहा ग्लास मांडले होते, प्रत्येकात चार बोटं बिअर, आणि समोर बसून आई मटार सोलत होती. ती सांगलीहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे यॉर्कशरला आली होती. मुलगी बिअरची परीक्षक व्हायला निघाली आहे हे तिने पहिल्या आठवड्यात ऐकलं, दुसऱ्या आठवड्यात न ऐकल्यासारखं केलं आणि तिसऱ्या आठवड्यात विचारलं, "यात लेखी पेपर असतो का?" असतो म्हटल्यावर तिची निम्मी काळजी मिटली. अभ्यासाच्या नावाखाली आमच्या घरात काहीही खपतं.

सहाही ग्लासांत बिअर एकच, ब्रिटिश धाटणीची साधी पेल एल. पाचांत मुद्दाम एकेक खोट कालवलेली. परीक्षकांच्या सरावासाठी अशा खोटींच्या कुप्या विकत मिळतात. चांगल्या बिअरमध्ये एक कुपी रिकामी केली की झाली बिअर नासकी. पैसे मोजून चांगली वस्तू नासवायची, हे मात्र मी आईला सांगितलं नव्हतं. नवऱ्याने ग्लासांच्या बुडाला चिठ्ठ्या चिकटवून जागा बदलून ठेवल्या होत्या आणि मी वीस मिनिटं तिसऱ्या ग्लासात नाक घालून बसले होते. वहीत लिहिलं होतं : 'गोडसर. टॉफी?'

"आण इकडे," आई म्हणाली.

"अगं, बिअर आहे ती."

"पितंय कोण? वास घेते."

तिने पदराला हात पुसले, ग्लास नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला. "लोणी आहे हे. साय जरा जास्तच दिवस साठवली आणि मग कढवायला घेतलं, तसं." ग्लास उलटा करता येईना म्हणून मी तो उचलून खालून पाहिलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं : डायअसिटिल. लोण्याला लोण्याचा वास ज्याच्यामुळे येतो, तोच पदार्थ.

मग ती थांबेना. दुसरा ग्लास : "घर रंगवलंय कुणीतरी दिवाळीला." चिठ्ठीवर असिटाल्डिहाइड, पुस्तकात त्याला हिरव्या सफरचंदाचा वास म्हणतात, पण ओल्या रंगाचाही म्हणतात. पाचवा ग्लास तिने जरा वेळ धरून ठेवला. "२००५ च्या पुरात तुझी ट्रंक भिजली होती बघ. त्यातल्या वह्यांच्या पुठ्ठ्यांचा." ऑक्सिडेशन, म्हणजे हवा लागून शिळी झालेली बिअर. इंग्रजी पुस्तकातही शब्दशः ओला पुठ्ठाच लिहिलाय, फक्त त्यात पूर नाही.

चौथ्या ग्लासाचा वास घेऊन ती म्हणाली, "यात काही नाही," आणि परत मटाराकडे वळली. तो शुद्ध बिअरचा ग्लास होता.

आता, पेल एल जोखण्यातली खरी गोम त्या "यात काही नाही"मध्येच आहे. कडू बिअर ओळखायला फार अक्कल लागत नाही, अमेरिकन धर्तीची आंबा-अननसाच्या वासाची तर लांबूनच हाक मारते. ब्रिटिश पेल एल मात्र कुणाच्या अंगावर येत नाही. साध्या वरणासारखं तिचं आहे. वरणात चूक झाली तर पहिल्या घासाला कळते, आणि चूक नसेल तर तुम्ही दुसऱ्यांदा भात वाढून घेतलेला असतो, का ते न कळता.

'पेल' म्हणजे फिकी हे नावही समजून घेण्यासारखं. ग्लासात पाहाल तर रंग कोऱ्या चहाचा, कधी तांब्याच्या नव्या भांड्याचा. मग फिकी कशाने? आधीच्या बिअरच्या मानाने. मोड आलेले सातू पूर्वी लाकडाच्या जाळावर वाळवत. धूर लागायचा, रंग काळपट यायचा. सतराव्या शतकात डर्बीशरमध्ये कोकच्या, म्हणजे दगडी कोळसा भाजून केलेल्या इंधनाच्या, भट्टीवर ते वाळवायला लागले आणि धुराशिवायचा फिका माल्ट मिळाला. आईला मी माल्ट म्हणजे काय ते सांगायला लागले तर तिने मध्येच तोडलं. "भिजवायचं, मोड आणायचे, वाळवायचं, भाजायचं. नाचणीचं सत्त्वच की. तुला सहा महिन्यांची असल्यापासून भरवलंय." हॉप्सची फुलं कडवटपणासाठी घालतात आणि ती वेल भांगेच्या कुळातली आहे, हे ऐकून मात्र तिने माझ्याकडे नीट बघितलं.

या जातीच्या बिअरचं माहेर म्हणजे ट्रेंट नदीकाठचं बर्टन. तिथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर. जिप्सम म्हणजे ज्याला तापवून प्लास्टर ऑफ पॅरिस करतात तेच, आपल्याकडे ज्याच्या गणपतींवरून दरवर्षी वाद होतो ते. त्या पाण्याने हॉप्सचा कडवटपणा कसा स्वच्छ होतो, जिभेवर चिकटून राहत नाही. लंडनचा हिंदुस्थानला बिअर पाठवायचा धंदा बर्टनकरांनी १८२० च्या दशकात स्वतःकडे ओढला, तोही या पाण्याच्या जोरावर. त्यातूनच पुढे 'इंडिया पेल एल' हे नाव रूढ झालं. आजही बाहेरचे बिअरवाले आपल्या पाण्यात जिप्सम टाकतात आणि त्या उद्योगाला बर्टनायझेशन म्हणतात. गावाच्या पाण्याचं क्रियापद व्हावं, एवढं भाग्य कृष्णेला अजून लाभलेलं नाही.

या पाण्याची एक गंमत आहे. बर्टनच्या एलचा ग्लास समोर आला की पहिल्या क्षणी काडेपेटीची काडी ओढल्यासारखा गंधकाचा वास येतो आणि पुढच्या क्षणी जातो. त्याला 'बर्टन स्नॅच' म्हणतात. नवखा परीक्षक त्याला खोट समजून गुण कापतो, मीही एकदा कापले होते. म्हणून ग्लास हातात आला की आधी वास, मग रंग, मग घोट. उलट क्रमाने गेलात तर काडी विझलेली असते.

आमच्या गुणपत्रिकेत एकूण ५० गुण. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५ आणि एकंदर मताला १०. ही वाटणी अमेरिकेत १९८५ साली सुरू झालेल्या परीक्षक-संस्थेची, म्हणजे ब्रिटिश बिअरला गुण अमेरिकन फूटपट्टीने. इथल्या काही म्हाताऱ्यांना हे बिलकूल पटत नाही. रूपाला पन्नासात तीनच गुण, ही गोष्ट आईला फार आवडली. "कांदेपोह्यांना हा कागद न्यायला हवा होता," ती म्हणाली.

आणि ही बिअर थंडगार नसते. तळघरातल्या गारव्याची, ११ ते १३ अंशांची. भारतातून येणारे मित्र पहिला घोट घेऊन चेहरा पाडतात, "गरम आहे यार." गरम नाही रे, तुझी जीभ बर्फाने बधिर व्हायला सोकावली आहे. बर्फगार बिअरमध्ये खोट लपते तसा गुणही लपतो. शेजारच्या कीथलीची टिमथी टेलर्सची लँडलॉर्ड घ्या, ४.३ टक्क्यांची. ब्रिटनमधल्या बिअर पिणाऱ्यांच्या ग्राहक संघटनेने, कॅमराने, तिला चार वेळा ब्रिटनची सर्वोत्तम बिअर ठरवलं आहे. तळघराच्या गारव्याला तिच्यात भाजलेल्या सातूच्या पिठाचा खरपूसपणा लागतो, मागून संत्र्याच्या सालीचा मुरंबा, आणि गिळल्यावर एक वाळल्या गवतासारखा कडसरपणा जो पुढचा घोट मागतो. फ्रिजमध्ये तासभर ठेवलीत तर यातलं काही उरत नाही. गिळल्यावर म्हणते आहे, कारण वाइनवाल्यांसारखं आम्ही थुंकत नाही. कडवटपणा घशाखाली उतरतो तेव्हाच पुरता कळतो. हे मी आईला सांगितलं तेव्हा तिने मान हलवली. "सोय बघून नियम केलाय."

तो चौथा ग्लास आईने खिडकीशी धरून पाहिला होता. "किती नितळ गं. तुरटी फिरवतात का?" पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवून हंडा झाकून ठेवायची, तो हंडा मलाही आठवला. म्हटलं, ही बाटलीतली आहे, गाळून घेतात. पण पबमध्ये पिंपातून देतात त्यात यीस्ट जिवंत असतं, ते खाली बसवायला फार पूर्वीपासून एक पदार्थ घालतात. कोणता, तिने विचारलं. आणि मी खरं सांगून बसले : माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, ती वाळवून करतात. हल्ली बरेचजण घालत नाहीत, हेही घाईघाईने जोडलं. आईने ग्लास खाली ठेवला आणि जाऊन साबणाने हात धुतले. "दारूचं एक वेळ समजू शकते," ती बेसिनपाशी म्हणाली, "पण मासा?"

ऑक्टोबरात, आई परत गेल्यावर, जवळच्या एका गावच्या सभागृहात बिअर महोत्सव होता आणि पेल एलच्या टेबलावर आम्ही तिघं. एक निवृत्त रसायनशास्त्राचे मास्तर, एक पब चालवणाऱ्या बाई आणि मी. समोर पाणी, कोरडी बिस्किटं आणि नंबर घातलेले जग. कोणती बिअर कुणाची, ते आम्हाला ठाऊक नाही. सकाळी साडेदहाला सुरुवात. त्या वेळी जीभ ताजी असते असं म्हणतात, मला मात्र सकाळी साडेदहाला चहाच हवा असतो.

सहाव्या जगावर गाडी अडली. मास्तर म्हणाले, टॉफी, क्रिस्टल माल्टची, म्हणजे भाजल्या साखरेसारख्या गोड माल्टची, छान आहे. त्यांनी ३६ दिले. बाईंनी ३४. मी २५. तिघांच्या गुणांत सातांपेक्षा जास्त अंतर असू नये अशी रीत आहे, तेव्हा बोलणं भाग होतं. मी म्हटलं, लोणी आहे. मास्तर हसले, भाजक्या साखरेचा आणि लोण्याचा घोटाळा नवखे नेहमी करतात, म्हणाले. खरंय, मीच तीन महिन्यांपूर्वी उलटा केला होता. पण वासावर भांडत बसण्यापेक्षा दुसरी खूण होती. मी कप दोन्ही तळव्यांत धरून थोडा कोमट केला, घोट घेतला, आणि जीभ टाळूला लावून पाहिली. ओशट. तुपाची वाटी नुसत्या पाण्याने विसळल्यावर बोटांना राहतो तसा ओशटपणा. टॉफीने तोंड गोड होतं, ओशट होत नाही.

आता ओशटला इंग्रजीत काय म्हणायचं? 'ग्रीसी' म्हटलं तर गॅरेज आठवतं, 'ऑइली' म्हटलं तर शेंगदाण्याचं तेल. कागदावर 'स्लिक' छापलेलं असतं, त्याने मला तर काहीच लागत नाही तोंडाला. शेवटी मी नुसतं म्हटलं, कप गरम करा आणि जीभ टाळूला लावा. बाईंनी केलं. मग मास्तरांनी केलं. मास्तर बराच वेळ टाळूवर जीभ फिरवत राहिले आणि मग काही न बोलता ३६ खोडून २९ लिहिले.

वाईट वाटलं ते बिअर करणाऱ्याचं. या ब्रिटिश जातीत लोण्याची किंचित छटा चालवून घेतात, पण ही किंचित नव्हती. आणि ही खोट बहुतेकदा नुसत्या घाईची असते. यीस्ट आंबवताना स्वतःच हा पसारा करतं आणि दोन-तीन दिवस उबेत राहू दिलं तर स्वतःच आवरतंही, परत पिऊन टाकतं. कुणाला तरी पिंप लवकर भरायचं होतं. अभिप्रायाच्या रकान्यात मी एवढंच लिहिलं : अजून थोडे दिवस ठेवा.

नववा जग आला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. तिघांनी वास घेतला, चाखलं, मान हलवली. बाईंनी पबच्या भाड्यावरून तक्रार सुरू केली, मास्तर त्यांच्या नातीबद्दल बोलले, मी आईच्या व्हिसाबद्दल. मग लक्षात आलं की तिघांचे कप रिकामे आहेत आणि कागद कोरे. जग परत मागवावा लागला. पहिला नंबर त्याचाच.

संध्याकाळी आईला फोन केला. लोण्याची हकीकत ऐकून ती खूश झाली, मास्तरांचे सात गुण खाली आले हे तिने बाबांना मोठ्याने सांगितलं. मग म्हणाली, "आणि पहिला नंबर आला त्यात काय होतं?"

"काही नव्हतं गं. तू म्हणालीस ना, यात काही नाही, तशी."

"नितळ होती?"

"एकदम. काचेसारखी."

पलीकडे जरा वेळ शांतता. "पिंपातली होती ना ती?" आईने विचारलं. मी सांगलीत पाऊस आहे का ते विचारलं.