साऱ्या देशाचा वन्स मोअर

संगीत नाटकाच्या मराठी प्रेक्षकाने एक हक्क कोणालाही न विचारता स्वतःकडे घेऊन ठेवला होता, वन्स मोअरचा. नायिका विरहाने अर्धमेली झालेली असो, नायकाला पकडायला शिपाई दारात येऊन थांबलेले असोत, पिटातून आरोळी आली की कथानकाने अंग चोरून बाजूला व्हायचं आणि पद पुन्हा सुरू. बालगंधर्वांना किती वन्स मोअर मिळत, हे जुन्या मंडळींनी आपल्याला इतक्यांदा ऐकवलंय की त्या आठवणींनाही वन्स मोअर मिळाल्यासारखंच झालंय.

मग नाटक टीव्हीवर गेलं तेव्हा या हक्काचं काय झालं? हा रिकामटेकडा प्रश्न मला पडला तो अमेरिकेतला जुना संगीत ‘पीटर पॅन’ पाहताना. मोठं व्हायला साफ नकार देणारा, उडणारा पोरगा, त्याच्यामागे लागलेला कॅप्टन हुक आणि हुकच्या मागे लागलेली मगर. जे. एम. बॅरीचं मूळ नाटक १९०४ साली लंडनमध्ये आलं आणि पहिल्यापासून हा पोरगा बायकांनीच रंगवला. आपल्याकडे पुरुष स्त्री पार्ट करत होते त्याच काळात तिकडे हा उलटा व्यवहार चालू होता. १९५४ साली जेरोम रॉबिन्सने त्याचं गाण्याबजावण्याचं, हसतंखेळतं नाटक बसवलं. पीटर झाली मेरी मार्टिन. वय ४०. मोठं न होण्याचा हट्ट धरायला वय तसं अगदी योग्य.

न्यूयॉर्कच्या विंटर गार्डन थिएटरात २० ऑक्टोबर १९५४ला पहिला प्रयोग झाला आणि १५२ प्रयोगांनंतर, फेब्रुवारी १९५५च्या शेवटी, नाटक बंद झालं. पडलं म्हणून नव्हे. एनबीसी या अमेरिकन टीव्ही वाहिनीशी करार आधीच ठरलेला होता. ७ मार्च १९५५, सोमवार. ब्रुकलिनच्या स्टुडिओतून थेट प्रक्षेपण, तेही रंगीत. रंगीत संच तेव्हा हजार डॉलरच्या घरात होता आणि फारच थोड्या घरांत होता, त्यामुळे पीटरचा हिरवा पोशाख बहुतेकांना राखाडीच दिसला.

पाहणारे किती? सुमारे ६ कोटी ५० लाख. या आकड्यापाशी मी जरा थांबलो आणि कागद-पेन्सिल घेतली. विंटर गार्डनमध्ये साधारण दीड हजार माणसं बसतात. ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीच्या, रिवाजाप्रमाणे आठवड्याला आठ प्रयोग. रोज हाउसफुल्लची पाटी लावून एवढे प्रेक्षक करायचे, तर शंभराहून अधिक वर्षं लागतील. म्हणजे १९०४च्या त्या पहिल्या प्रयोगापासून एकही खाडा न करता नाटक चालू ठेवलं असतं, तरी या शतकापर्यंत हिशेब पुरा झाला नसता. ते काम एका संध्याकाळी, दोनेक तासांत उरकलं. नाटकवाल्यांना आनंद व्हावा की धडकी भरावी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

कारण या नाटकाचा सगळा जीव प्रेक्षकांच्या टाळीत आहे. टिंकर बेल ही परी म्हणजे रंगमंचावर नाचणारा प्रकाशाचा एक ठिपका. ती विष पिते, ठिपका मंदावत जातो आणि पीटर थेट प्रेक्षकांकडे वळून सांगतो, पऱ्यांवर विश्वास असेल तर टाळ्या वाजवा. टाळ्या झाल्या की परी जगते. पहिल्या प्रयोगाला बॅरीला म्हणे धास्ती होती की लंडनचे शिष्ट प्रेक्षक हाताची घडी घालून बसले तर काय करायचं? म्हणून वादकांना सांगून ठेवलं होतं, कोणी वाजवल्या नाहीत तर वाद्यं खाली ठेवा आणि तुम्ही वाजवा. वेळ आली नाही. नाट्यगृह दणाणलं.

आता हाच प्रसंग स्टुडिओत. समोर नाट्यगृह नाही. कॅमेरे, वायरी आणि कामात गढलेली माणसं. मेरी मार्टिन भिंगात बघून टाळ्या मागते. देशभरच्या दिवाणखान्यांतून पोरांनी त्या वाजवल्या असणारच, पण तिला त्यातली एकही ऐकू येणार नाही. तिला नुसतं धरून चालायचंय की वाजताहेत, आणि त्या भरवशावर परीला जिवंत करून आनंदाने नाचायचंय. मी तो तुकडा पुनःपुन्हा पाहिला. तिच्या चेहऱ्यावर शंकेची एक रेघ नाही. बॅरीकडे निदान वादक तरी होते.

उडण्याची गोष्ट निराळी. पीटर फॉय या इंग्रज कसबी माणसाने या प्रयोगासाठी तारांची नवी रचना केली होती, तिच्यामुळे पीटर जागच्या जागी न लोंबकळता रंगमंचभर झोके घेत फिरतो. नाट्यगृहात लांबून तार दिसत नाही. कॅमेरा जवळ आला की दिसायला हवी. इथे त्या वेळच्या टीव्हीचा गबाळेपणा कामी आला. छोटा पडदा, त्यावर मुंग्या, त्यात तार काय दिसणार आणि चाळिशीतल्या पीटरच्या डोळ्यांजवळच्या सुरकुत्या तरी काय दिसणार? चित्र जसजसं स्वच्छ होत गेलं तसतशी तारही अधूनमधून दिसू लागली. मला तिचा त्रास होत नाही. उलट, तार दिसते तेव्हा वर कुठेतरी दोर सांभाळून उभा असलेला माणूसही आठवतो, आणि तोही नटच वाटू लागतो.

आता वन्स मोअर. लोकांना कार्यक्रम इतका आवडला की पुन्हा पाहायचा होता, आणि दाखवायला काही नव्हतंच. चित्रफीत म्हणजे व्हिडिओटेप बाजारात यायला अजून वर्षभर होतं. होता तो किनेस्कोप, म्हणजे टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा ठेवून केलेलं चित्रीकरण. कृष्णधवल, धुरकट, जत्रेत काढलेल्या फोटोसारखं. आज आपण १९५५चा प्रयोग पाहू शकतो ते त्याच्याच कृपेने, पण रंगीत म्हणून गाजवलेला कार्यक्रम तशा अवतारात पुन्हा दाखवण्यात अर्थ नव्हता. मग एनबीसीने तेच केलं जे बालगंधर्वांनी केलं असतं. ९ जानेवारी १९५६ला नटसंच पुन्हा गोळा झाला, तारा पुन्हा बांधल्या गेल्या आणि सगळं नाटक पहिल्यापासून शेवटपर्यंत थेट प्रक्षेपणात परत झालं. एका पदाचा नव्हे, अख्ख्या नाटकाचा वन्स मोअर, आणि देणारा श्रोतृवर्ग म्हणजे सारा देश. मला तरी याहून मोठा वन्स मोअर ठाऊक नाही.

१९६०मध्ये तिसऱ्यांदा झालं, ते मात्र रंगीत टेपवर. मेरी मार्टिन तेव्हा ब्रॉडवेवर ‘द साउंड ऑफ म्युझिक’ या दुसऱ्या संगीत नाटकात मारिया ही नायिका करत होती आणि वय होतं ४७च्या आसपास. आता काम कायमचं झालं. टेप १९६३, १९६६ आणि १९७३ला पुन्हा दाखवली, नंतर बरीच वर्षं पडून राहिली आणि १९८९मध्ये परत बाहेर आली. आज बहुतेकांना माहीत असतो तो हाच प्रयोग. त्यातला आदिवासींचा नाच-गाण्याचा भाग आता बघवत नाही. मूळ अमेरिकनांची ती थट्टा तेव्हा कोणाला खटकली नसेल, आज खटकते. बाकी सगळं चोख आहे. जरा जास्तच चोख. किनेस्कोपच्या धुरकट प्रयोगात सगळे थोडे घाईत वाटतात. गाणं चुकलं तर चुकलं, तार अडकली तर देशासमोर अडकली, ही भीती अंगात असल्यासारखे.

गंमत म्हणजे २०१४च्या डिसेंबरात त्याच एनबीसीने, हाताशी जगातली सगळी तंत्रं असताना, हेच नाटक मुद्दाम पुन्हा थेट केलं. लोकांनी ते फोन हातात धरून, कोण कुठे घसरतंय यावर शेरे मारत पाहिलं. परीसाठी टाळ्या किती वाजल्या कोण जाणे. त्यात हुक झाला होता ख्रिस्तोफर वॉकन. नट मोठा, पण हा हुक मला अर्धवट झोपेतून उठवून आणल्यासारखा वाटला. १९५५चा सिरिल रिचर्ड बघा. पीटरबरोबर उडून जाणाऱ्या मुलांचे वडील आणि हुक, दोन्ही तोच करतो, पण हुक झाला की असा नटून-मुरडून चालतो, आणि मगरीच्या पोटातल्या, तिने गिळलेल्या घड्याळाची टिकटिक ऐकली की असा गर्भगळीत होतो, की त्याला उचलून न्यायला आलेल्या मगरीलाही थांबायला सांगावंसं वाटतं.