‘ल’च्या निमित्ताने

गुरुवार, २३ ऑक्टोबर २०२५

ओवाळून झाल्यावर धाकट्या भावाने ओवाळणीच्या पाकिटापाठोपाठ पिशवीतून आपला जुना लॅपटॉप बाहेर काढला. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबरला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, आणि याचा प्रोसेसर सहाव्या पिढीचा आहे. तेव्हा “ताई, तुझ्याकडे जे आहे तेच माझ्यावरही टाकून दे,” असे त्याचे म्हणणे पडले. माझ्या टेबलावरच्या संगणकावर सहा वर्षांपासून विंडोजच्या जागी एक तयार लिनक्स प्रणाली आहे. पेनड्राइव्ह लावला, पाच-सहा वेळा ‘पुढे’ हे बटण दाबले आणि फराळाची ताटे रिकामी होईपर्यंत काम झाले.

इथे नाशिकातच जेल रोडला ज्या सोसायटीत तो राहतो तिचा तो सचिव आहे. चाचणी म्हणून त्याने वार्षिक सभेच्या सूचनेची फाईल उघडली आणि विचारले, “ताई, हा ल हिंदीसारखा का दिसतोय? आधी असा नव्हता.” खरोखरच पडद्यावर दांडीचा ल होता, आणि श सुद्धा आपला देठाचा नव्हता. मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरावा, असे सांगणारा नोव्हेंबर २०२२ चा शासननिर्णय मला तोंडपाठ आहे, कारण मुद्रितशोधन हाच माझा व्यवसाय. पण समोरचा संगणक तो ल कुठून आणतो, हे मात्र मला सांगता येईना. “फॉण्टचे काहीतरी असेल,” असे गुळमुळीत उत्तर देऊन मी दोन फॉण्ट बदलून पाहिले, तरी ल तसाच राहिला. भाऊ हसून म्हणाला, “राहू दे गं, सोसायटीत कोण बघतंय.” तो गेल्यावर मात्र मला ते टोचत राहिले. ज्या घरात सहा वर्षे राहिले, त्या घराचा मेन स्विच कुठे आहे हेच मला ठाऊक नव्हते, अशातला तो प्रकार होता.

रविवार, २६ ऑक्टोबर

दिवाळी अंकांची प्रुफे सप्टेंबरअखेरीसच हातावेगळी झाली आणि रविवार कारंजाजवळच्या मुद्रणालयातून पुढचे पुस्तक डिसेंबरशिवाय यायचे नाही. एवढा मोकळा वेळ पुन्हा मिळणार नाही, म्हणून माझ्या संगणकावरची तयार प्रणाली काढून, जी स्वतःच्या हाताने जुळवावी लागते अशी एखादी घालायची, असे ठरवले आहे. कोणती, हे ठरवण्यात आजचा अख्खा दिवस गेला आणि तो वाया गेला असे वाटत नाही.

लिनक्स हे खरे तर फक्त गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे नाव. लिनस टोर्वाल्ड्स यांनी १९९१ साली हेलसिंकीत विद्यार्थी असताना तो लिहायला घेतला. त्याभोवती बाकीची साधने कोणी, किती आणि कोणत्या पद्धतीने रचायची यावरून वेगवेगळी वितरणे झाली. आज हयात असलेल्यांपैकी सर्वांत जुने स्लॅकवेअर, १९९३ सालचे. त्याच्या स्वभावातला जुनेपणा मला आवडतो, परंतु अमुक पॅकेजला, म्हणजे बसवायच्या आज्ञावलीच्या गठ्ठ्याला, तमुक पॅकेज लागते ही चौकशी त्याचे मूळ साधन करत नाही, ती आपणच करायची. हे म्हणजे स्वयंपाक शिकण्यासाठी आधी शेत नांगरण्यासारखे झाले. जेंटूमध्ये प्रत्येक आज्ञावली मूळ संहितेपासून आपल्या यंत्रावर संकलित (कंपाइल) करायची असते. २०१६ साली घेतलेल्या, आठ जीबी मेमरीच्या माझ्या संगणकाला एक ब्राउझर संकलित करायला किती तास लागतील, या विचारानेच मी मागे सरले. डिसेंबर २०२३ पासून जेंटूनेही तयार पॅकेजे देऊ केली आहेत, पण तीच घ्यायची असतील तर मग जेंटू कशाला?

फ्रीबीएसडीपाशी मी सर्वांत जास्त रेंगाळले. ते लिनक्स नव्हेच, वेगळी प्रणाली आहे. त्यात गाभा आणि मूळ साधने एकाच घरात, एकाच हाताने घडवलेली असतात, आणि आपण नंतर बसवलेले सगळे वेगळ्या खोलीत राहते, त्यामुळे मूळचे काय आणि आपण आणलेले काय हे कधी मिसळत नाही. त्याची हस्तपुस्तिका तर एखाद्या चांगल्या संपादकाच्या नजरेखालून गेल्यासारखी वाटते. दुपारी पेनड्राइव्हवरून ते सुरूही करून पाहिले, पण माझ्या वायफायच्या डोंगलला त्याने ओळखच दाखवली नाही. घरात तारेचे जाळे ओढायची माझी तयारी नाही, म्हणून नाइलाजाने तो विचार सोडला.

राहिली दोन. डेबियनची १३ वी आवृत्ती या ऑगस्टच्या ९ तारखेला आली. एकदा बसवली की तीन वर्षांचा पूर्ण आणि त्यापुढे दोन वर्षांचा मर्यादित आधार मिळतो, आणि कामाच्या यंत्रासाठी यापेक्षा शहाणी निवड मला दिसत नाही. कोणी मला सल्ला विचारला तर मी डेबियनच सांगेन. तरीही स्वतःसाठी मी आर्च निवडले आहे. जड विनेट यांनी २००२ साली सुरू केलेल्या या वितरणात आवृत्त्याच नसतात, नवे आले की ते सतत येत राहते, आणि बसवताना पडद्यावर फक्त एक लुकलुकणारी ओळ मिळते. २०२१ पासून त्याच्याबरोबर एक मदतनीस आज्ञावलीही येते, पण ती वापरली तर पुन्हा ‘पुढे, पुढे’ करणेच आले. शहाणपणाची निवड कोणती हे कळत असूनही दुसरी केली, याची नोंद इथे प्रामाणिकपणे असावी. (आर्च वापरणाऱ्यांना ते वापरत असल्याचे चारचौघांत सांगण्याची जी हौस असते, ती मला नव्याने योगासने शिकलेल्यांची आठवण करून देते. ही रोजनिशी लिहून मीही त्यातच जमा झाले म्हणायचे.)

रविवार, २ नोव्हेंबर

शेजारच्या अंगणात तुळशीचे लग्न लागत होते तेव्हा मी डिस्कचे भाग पाडत होते. आधी सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर घेतल्या, आणि त्या तिथून उघडतात का हेही पाहिले, कारण न उघडून पाहिलेली प्रत ही प्रत नसते, हे मला प्रुफांनी शिकवले आहे.

मार्गदर्शिका दुसऱ्या खोलीतल्या मुलीच्या लॅपटॉपवर उघडी ठेवून मी एकेक पायरी चढत गेले. भाग पाडणे, त्यांना फाईलव्यवस्था देणे, ते जागेवर जोडणे, मग पॅकस्ट्रॅप या आज्ञेने मूळ साधने, कर्नल आणि फर्मवेअर त्यात उतरवणे, कोणता भाग कुठे जोडायचा याची यादी तयार करणे, आणि शेवटी आर्च-क्रूट करून, म्हणजे अजून न जागलेल्या त्या नव्या घरात शिरून, घड्याळ, भाषा, संगणकाचे नाव आणि परवलीचा शब्द ठरवणे. घड्याळासाठी मुंबई नव्हे तर आशिया-कोलकाता निवडावे लागते, हे नाशिककराला थोडे लागते.

दोन गोष्टी अशा झाल्या की त्या लिहून ठेवायलाच हव्यात. फाईल दुरुस्त करायला गेले तर मजकूर बदलण्याचे साधन, म्हणजे संपादकच नाही. मूळ संचात नॅनो नाही, व्हीआयही नाही, आणि मदतीची पाने वाचायची ‘मॅन’ ही आज्ञासुद्धा वेगळी मागवावी लागते. सहा वर्षांत मला कधी वाटले नव्हते की ही साधने कोणीतरी आणून ठेवलेली असतात. दुसरी चूक मात्र माझीच, आणि तिच्यात दीड तास गेला. संगणक नव्याने सुरू केला, नाव विचारले, परवलीचा शब्द दिला, सगळे छान, फक्त इंटरनेट नाही. पेनड्राइव्हवरच्या प्रणालीत वायफाय जोडणारे साधन होते म्हणून मी नव्या प्रणालीतही ते असणारच असे धरून चालले होते, आणि ते मागवायचे तर इंटरनेट हवे. पुन्हा पेनड्राइव्ह, पुन्हा सगळे भाग जोडणे, पुन्हा आत शिरणे. दुसऱ्या वेळी मात्र मार्गदर्शिकेकडे फारसे पाहावे लागले नाही.

रात्री उशिरा एक्सएफसीई हे साधे, हलके कार्यपटल (डेस्कटॉप) चढवले. ब्राउझर उघडून मराठी वर्तमानपत्र पाहिले तर पानभर रिकामे चौकोन. देवनागरी फॉण्ट एकही नव्हता. कोणीच आणून ठेवला नव्हता.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आज ल सापडला.

परवा घाईत मी भाषेच्या पायरीवर फक्त इंग्रजी निवडली होती. ती फाईल आज सावकाश उघडली. लोकॅलच्या, म्हणजे भाषा आणि प्रदेश यांच्या जोड्यांच्या, शेकडो ओळी तिच्यात आहेत, आणि आपल्याला हवी ती ओळ तिच्यापुढची हॅशची खूण पुसून जागी करायची असते. मराठी-भारत ही ओळ तिथे आहे. ती जागी केली, लोकॅल तयार केले, मेनू इंग्रजीतच ठेवले आणि अक्षरांच्या प्रकारापुरती, म्हणजे एलसी-सीटाइप या नावाखाली, मराठी लिहिली. बाहेर पडून पुन्हा आत आले, माऊसपॅड या साध्या संपादकात ‘लहानशी शाल’ असे टंकले, आणि दोन्ही ल पाकळीचे, दोन्ही श देठाचे आले. काल बसवलेल्या याच देवनागरी फॉण्टमध्ये तेच शब्द तोवर हिंदी वळणाचे दिसत होते.

कारण समजून घ्यायला सगळी दुपार लागली. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या सामायिक संकेतक्रमात, ल एकच आहे, मराठीचा वेगळा आणि हिंदीचा वेगळा असे दोन नाहीत. ज्या फॉण्टमध्ये सोय केलेली असते त्यात या एका अक्षराची दोन्ही चित्रे असतात, आणि मजकूर मराठी आहे असे कळले तर मराठी चित्र काढायचे, असा नियम फॉण्टच्याच पोटात लिहिलेला असतो. हार्फबझ नावाचे साधन तो नियम अमलात आणते, पण मजकूर कोणत्या भाषेतला हे त्याला दुसऱ्या कोणी तरी सांगावे लागते. माझ्या कार्यपटलावरच्या संपादकात हे सांगण्याचे काम पँगो हे मजकूर मांडणारे साधन करते, आणि लोकॅल इंग्रजी असताना समोर देवनागरी आली तर पँगो ती हिंदी समजते. बिचाऱ्याला काहीतरी समजणे भाग असते. ब्राउझरमध्ये पानाच्या आत भाषेची जी नोंद असेल ती चालते, म्हणून एकाच पडद्यावर एका पानावर पाकळीचा आणि दुसऱ्यावर दांडीचा ल दिसू शकतो.

हे सगळे माझ्या जुन्या तयार प्रणालीतही दहा मिनिटांत करता आले असते, हे इथे नोंदवले पाहिजे. तिच्यातही लोकॅल होते, पँगो होते, तीच फाईल होती. फक्त तिने बसवताना देश भारत आणि भाषा इंग्रजी एवढे विचारून पुढचे सगळे स्वतः ठरवून टाकले होते, आणि जे मला कोणी विचारलेच नाही त्याला काही उत्तर असते, हे माझ्या लक्षात येणार कसे? आर्चने ती फाईल माझ्यापुढे ठेवली आणि ओळ मलाच निवडायला लावली. चुकीची निवडली, तीही माझीच होती.

कळफलकही आज जुळवला. भाषा टंकण्याचे साधन आयबस, आणि कळांची मांडणी इनस्क्रिप्ट. शिफ्टसह एन दाबला की ळ, शिफ्टसह जे दाबला की ऱ, आणि त्या ऱ ला हलन्त व य जोडला की ‘दऱ्या’मधला, डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र नीट उमटतो. जुन्या फायलींमध्ये तिथे ‘दर्या’ छापलेला पाहून मी किती समास लाल केले असतील!

रविवार, १६ नोव्हेंबर

सकाळी नेहमीप्रमाणे अद्ययावत करायला बसले. आता त्याआधी आर्चच्या मुखपृष्ठावरच्या सूचना वाचायची सवय लावली आहे. या जूनमध्येच फर्मवेअरच्या पॅकेजाचे तुकडे केले गेले तेव्हा वापरणाऱ्यांना आधी जुने पॅकेज हाताने काढावे लागले होते, आणि तशी सूचना तिथे दिली होती. वापरकर्त्यांनी चालवलेल्या एयूआर या भांडाराच्या वाटेला मात्र मी अजून गेलेले नाही. तिथे जुलैमध्ये ब्राउझरच्या नावाखाली घातक आज्ञावली असलेली काही पॅकेजे सापडली होती, आणि बांधणीची फाईल वाचल्याशिवाय तिथले काही घेऊ नये, एवढे तरी माझ्या व्यवसायाच्या माणसाने पाळावे.

सूचना वाचल्या, पण आभाळाकडे पाहिले नाही. कर्नल बदलत असतानाच वीज गेली. इन्व्हर्टर सुरू होतो, पण त्याला लागणारा क्षणभरही डेस्कटॉपला पुरला. वीज आल्यावर संगणक उठेना. पंधरा दिवसांपूर्वी हे झाले असते तर मी एम. जी. रोडचे दुकान गाठले असते. आज पेनड्राइव्ह लावला, भाग जोडले, आत शिरले. पॅकमॅन, म्हणजे आर्चचे पॅकेजे बसवणारे साधन, म्हणे दुसरे कोणी काम करत आहे. ते दुसरे कोणी म्हणजे विजेबरोबर गेलेले पॅकमॅनच, त्याने लावलेले कुलूप तेवढे मागे राहिले होते. ती फाईल काढली, कर्नल पुन्हा बसवला, संगणक सुरू होताना लागणारी फाईल नव्याने तयार झाली, आणि पाऊण तासात संगणक उठला. सोबत दीर्घ आधाराचा दुसरा कर्नलही ठेवून दिला, म्हणजे एक रुसला तर दुसऱ्याने उठता येईल. दुकान मात्र संध्याकाळी गाठलेच, यूपीएस घ्यायला.

शनिवार, २२ नोव्हेंबर

जेल रोडला जाऊन आले. भावाच्या लॅपटॉपवर आर्च टाकण्याचा विचारही मनात आणला नाही. त्याला सूचना टंकायच्या आहेत आणि सभेची इतिवृत्ते ठेवायची आहेत, आणि वीज गेल्यावर आत शिरून कुलूप काढण्याची हौस त्याला नसावी हेच योग्य. त्याच्या फाईलमध्ये मजकुराची भाषा हिंदी अशी नोंद होती, आणि विंडोजवरचा फॉण्ट या यंत्रात नसल्याने त्याच्या जागी दुसरा आला होता, ज्यात भाषेप्रमाणे चित्र बदलते. लिबरऑफिसमध्ये सगळा मजकूर निवडून भाषा मराठी केली, आणि पानावरचे सगळे ल एकदम वळले.

“एवढंच होतं?” भाऊ म्हणाला.

“एवढंच होतं,” मी म्हणाले.

सूचना तिथेच छापून घेतली आणि माझ्या कामाची सात पानेही उरकली. माझ्या घरच्या संगणकावर प्रिंटर अजून लागलेला नाही. छपाई सांभाळणारे कप्स बसवायचे राहून गेले आहे.