तळ्यात, मळ्यात

पुस्तक वाचताना हातात पेन्सिल लागते, ही माझी जुनी खोड. कुठे रेघ मार, कुठे समासात ‘वा!’ लिही, असलं काहीतरी चालू असतं. ‘द लाँग अर्थ’ ही इंग्रजी विज्ञानकादंबरी वाचताना मात्र समासात दोनच अक्षरं उमटत होती, ‘टे’ आणि ‘बॅ’. टे म्हणजे टेरी प्रॅचेट, बॅ म्हणजे स्टीफन बॅक्स्टर. कुठलं वाक्य कुणाचं असेल, याचा मी हिशेब मांडत होतो.

हे खूळ माझं नाही, परीक्षणं वाचून लागलेलं आहे. पुस्तक आलं २०१२ साली. एकीकडे प्रॅचेट, १९८३ पासून ‘डिस्कवर्ल्ड’ ही विनोदी अद्भुत कादंबऱ्यांची मालिका लिहून अख्ख्या जगाला हसवणारा. दुसरीकडे बॅक्स्टर, गणित-भौतिकीची पक्की बैठक असलेला, विश्वाच्या अंतापर्यंतचे हिशेब मांडणारा. अशा दोघांनी मिळून लिहिलं की परीक्षक काय करणार? चिमटा घेऊन बसतात आणि तांदळातले खडे वेचावेत तशी वाक्यं वेचतात. विनोद दिसला की हा प्रॅचेट, भूगर्भशास्त्र आलं की तो बॅक्स्टर. मग तक्रार अशी की प्रॅचेट कमी पडला. सात सुगरणी आणि भाजी अळणी म्हणतात. इथे तर दोनच होते.

मीही त्याच चिमट्याने सुरुवात केली. कादंबरीत एक पेटी आहे. तिचा आराखडा एक शास्त्रज्ञ इंटरनेटवर टाकून गायब होतो आणि अमेरिकेतल्या मॅडिसन गावातली पोरं ती घरोघरी जोडायला बसतात. थोडी तार, एक बटण आणि आत चक्क एक बटाटा. बटण एका बाजूला सरकवलं की शेजारच्या पृथ्वीवर, उलट सरकवलं की दुसऱ्या बाजूच्या. बटाटा! मी डोळे मिटून ‘टे’ लिहिलं. मग आठवलं, बटाट्यात तांब्याची आणि जस्ताची पट्टी खुपसली की किंचित का होईना वीज मिळते. शाळेतला प्रयोग आहे तो. मग हा विनोद की विज्ञान? ‘टे’पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. शंभरेक पानांनंतर समासात नुसती प्रश्नचिन्हंच उरली.

त्यात मूळ कल्पनेचं श्रेय कुणाला द्यायचं, हा घोळ तर नाहीच. ती प्रॅचेटची. ऐंशीच्या दशकात त्याने ‘द हाय मेगाज’ नावाची कथा लिहिली होती. डिस्कवर्ल्डची गाडी धावायला लागल्यावर ती बाजूला पडली. म्हणजे लाखो पृथ्व्यांचा जो अवाढव्य पसारा पाहून सगळे ‘हा तर बॅक्स्टर’ म्हणतात, त्याचं बी विनोदी लेखकाच्या खणात पंचवीसेक वर्षं पडून होतं.

समांतर विश्व म्हटलं की मराठी वाचकाला जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ आठवतेच. तिथे दुसरं जग एकच आहे आणि फरकही एकाच गोळीचा. विश्वासरावांना ती लागली की इतिहास आपला, हुकली की त्यांचा. गंगाधरपंत तिकडे जातात ते आपलीच मुंबई वेगळ्या वेशात बघायला. ‘द लाँग अर्थ’मध्ये असलं काही नाही. तिकडे दुसरे तुम्ही नाही, दुसरा मी नाही, माणूसच नाही. नुसतं रान, नद्या, जनावरं. पुढचं पाऊल टाकलं की पुन्हा रान, थोडंसं वेगळं. ‘तळ्यात, मळ्यात’ खेळतात ना, तसं. फक्त इथे तळं संपत नाही आणि मळाही संपत नाही.

आणि नेमकी हीच पुस्तकावरची सगळ्यात मोठी तक्रार. कल्पना भव्य म्हणून पाठ थोपटायची आणि लगेच म्हणायचं, पण घडत काहीच नाही. नायक जॉशुआ आणि त्याचा सोबती लॉबसँग (हे एक बोलकं यंत्र, पूर्वजन्मी आपण तिबेटात मोटारसायकली दुरुस्त करत होतो असा त्याचा दावा) हवाई जहाजात बसून दहा लाखांवर पृथ्व्या ओलांडतात. खिडकीतून बघायचं, चर्चा करायची, पुढे जायचं. प्रवासवर्णन झालंय, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. मधल्या भागात मीही पुस्तक उशाशी ठेवून दोन आठवडे दुसरंच काहीतरी वाचत होतो. लॉबसँग तर ऐकवायला लागला की थांबतच नाही.

पण मला वाटतं हा दोष लेखकांच्या हातात नसून कल्पनेच्याच पोटात आहे. भांडण कधी होतं? जागा एक आणि माणसं दोन असतात तेव्हा. शेजाऱ्याशी पटत नसेल तर एक पाऊल टाका, अख्खी पृथ्वी मोकळी. मग बांधावरून डोकी कशाला फुटतील? गोष्टीला बंद दार लागतं आणि या दोघांनी पहिल्याच प्रकरणांत सगळी दारं उघडून टाकली.

सगळी नाही म्हणा. एक कडी त्यांनी लावून ठेवली आहे: लोखंड पलीकडे जात नाही. खिळा, कुऱ्हाड, बंदुकीची नळी, सगळं इकडेच राहतं. म्हणजे नव्या पृथ्वीवर वस्ती करायची तर पहिल्यापासून भाता फुंकायचा. ही पानं मी हावरटासारखी वाचली.

आणि दुसरी कडी त्याहून क्रूर. काही माणसांना पाऊलच टाकता येत नाही. पेटी हातात असूनही. हेलन नावाच्या मुलीचं कुटुंब लाखभर पृथ्व्यांपलीकडे शेती करायला निघतं आणि तिच्या भावाला, रॉडला, मागे ठेवून जातं, कारण त्याला जाताच येत नाही. तो दुरावला नाही, हरवला नाही. आहे तिथेच आहे, घरात. तीच जागा, तीच जमीन, फक्त आईबाप कायमचे पलीकडे. या मुलाच्या वाट्याला एवढी थोडी पानं का दिली, हा माझा दोन्ही लेखकांवर राग आहे. परीक्षकांनी चिमटा बाजूला ठेवून तेवढं विचारलं असतं तरी चाललं असतं.

मालिका पाच पुस्तकांची झाली. शेवटचं आलं २०१६ मध्ये, प्रॅचेट गेल्यानंतर वर्षाने. तोवर माझी पेन्सिल मी बंद केली होती.

पहिला भाग मात्र एक मित्र वाचायला घेऊन गेला. चार दिवसांनी त्याचा फोन.

“‘बॅ’ म्हणजे बॅड, हे कळलं. ‘टे’ म्हणजे काय रे?”

खरं सांगायची लाज वाटली. म्हटलं, “टेकीला आलो.”

“अरे, पण बटाट्यापाशीच? आणि पुढे प्रश्नचिन्ह?”