पिंपाचा स्मोकर: कोळसा ठरला, धूर बाकी

मंद आचेवर, धुरात मटण-चिकन शिजवायला पिंपाचा स्मोकर बनवतोय. पिंप उभं राहिलं, झाकणाला थर्मामीटर बसला, खालच्या हवेच्या झडपा नीट फिरतात. आता अडलं होतं ते कोळशापाशी.

सोलापुरात ब्रिकेट (दाबून घडवलेला इंधनाचा तुकडा) मागितलं की समोरचा आधी बॉयलरचंच दाखवतो. कारखान्यांच्या बॉयलरला लागणारा तो माल: उसाचं चिपाड, शेंगांची टरफलं, लाकडाचा भुसा दाबून केलेल्या कांड्या. स्वस्त पडतो, पण तो कोळसा नव्हेच. झडपा आवळून मंद जाळला की दाट, पिवळट धूर निघतो आणि मटणावर कडू काजळी चढते. शिवाय भुशात प्लायवूडचा चुरा आला असेल तर कोण सांगणार? तो विषय तिथंच संपला.

वेड्या बाभळीचा वखारीतला कोळसा मात्र मला मनापासून आवडतो. कबाबाला त्याच्यासारखी आच नाही. पण पोत्यात एक ढेकूळ मुठीएवढं, दुसरं बोटाएवढं आणि तळाशी नुसती भुकटी. भुकटीनं हवा कोंडते, मोठी ढेकळं एकदम भडकतात. 110 ते 120 अंश पाच-सहा तास धरायचे तर झडपेजवळून हलता येत नाही.

म्हणून मुख्य इंधन नारळाच्या करवंटीचे ब्रिकेट: कोळशाची पूड, चिकटायला स्टार्च, बस्स. घेताना दोन एकमेकांवर आपटून बघतो, खणखणीत वाजले पाहिजेत. एक फोडायचा, आत रॉकेलसारखा वास नको. मग थोडे पूर्ण जाळून राख बघायची. पांढुरकी, हलकी राख चांगली. तांबूस, खड्यांसारखी उरली तर माती मिसळली असावी. राख जास्त म्हणजे तासाभरात खालची जाळी बुजली आणि आच पडली.

‘झटपट पेटणारे’ लिहिलेली पिशवी स्मोकरला घेऊच नका. अमेरिकेतल्या जिम मिनियन यांच्या नावानं चालणाऱ्या पद्धतीत स्मोकरमधली कोळशाची टोपली न पेटवलेल्या ब्रिकेटनी भरतात आणि वर मोजकेच पेटते ठेवतात. आग हळूहळू खाली उतरते, म्हणजे पेटवणीचं तेल लावलेला ब्रिकेट तिसऱ्या तासाला पेटून आपला वास थेट तंगडीला देणार.

करवंटीचा एकच त्रास, लवकर पेट घेत नाही. तिथं बाभूळ कामाला येते: चिमणीत (कोळसा पेटवायच्या उभ्या नळकांड्यात) बाभळीचा कोळसा लाल करायचा आणि तोच टोपलीच्या मधोमध ओतायचा. पेटवायला बाभूळ, टिकवायला करवंटी. मे महिन्यात बाहेरच 42 अंश असतात, उन्हात पिंपाचा पत्रा आधीच पोळतो, तेव्हा पेटते निखारे नेहमीपेक्षा कमी घालतो आणि झडप आधीपासूनच आवळतो.

उरलेले ब्रिकेट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलेत, पावसाळ्यात दमट झाले तर उगाच धुमसत बसतील.

आता धुराचं लाकूड. आंबा आणि चिंच हाताशी आहेत. डाळिंबाची छाटणी आपल्या जिल्ह्यात ढिगानं मिळते, पण बागेतल्या फवारण्या आठवल्या की हात आखडतो. परसातल्या, कधीच न फवारलेल्या झाडाची वाळकी फांदी कुणाकडे असेल तर कळवा. पुढच्या रविवारी चिकनवर लावून बघतो.