हॉटडॉगची ३६ मिनिटं आणि फ्रिजमधलं पॅकेट

मेअखेरचा मेमोरियल डे झाला की इकडे अमेरिकेत, न्यू जर्सीत दर शनिवार-रविवारी कुणाच्या ना कुणाच्या अंगणात ग्रिल पेटलेलं असतं, आणि त्याच सुमारास मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपांवर तो फॉरवर्ड परत उगवतो, की एक हॉटडॉग, म्हणजे बनमध्ये घातलेलं सॉसेज, खाल्ला की आयुष्यातली ३६ मिनिटं गेली. खाली चारपाच घाबरलेले इमोजी. मग कुणीतरी विचारतंच, अहो मग त्या जोई चेस्टनटचं काय? न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला ४ जुलैला हॉटडॉग खाण्याची स्पर्धा असते, तिच्यात त्याने २०२१ साली १० मिनिटांत ७६ हॉटडॉग खाल्ले होते, म्हणजे या हिशोबाने एका बैठकीत साडेपंचेचाळीस तास गेले, आणि पठ्ठ्या त्यानंतरही स्पर्धा जिंकतोच आहे.

तर हा आकडा खोटा नाहीये बरं का. मिशिगन युनिव्हर्सिटीच्या संशोधकांचा २०२१ चा पेपर आहे. पण तो सरासरीचा हिशोब आहे, म्हणजे अख्ख्या लोकसंख्येत एखाद्या पदार्थामुळे आजारपण किती वाढतं ते काढायचं आणि मग एकेका सर्व्हिंगवर वाटून टाकायचं. त्याच पेपरात मूठभर दाणे-बदाम खाल्ले तर २६ मिनिटं मिळतात असंही आहे, ते मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. आणि हॉटडॉगवर बदाम खाऊन हिशोब चुकता होतो असंही काही नसतं.

दुसरी भीती कॅन्सरची, तिच्यात जास्त दम आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने प्रोसेस्ड मीट, म्हणजे सॉसेजसारखं प्रक्रिया करून टिकवलेलं मांस, ग्रुप १ मध्ये टाकलं. सिगरेटही त्याच ग्रुपात, म्हणून लगेच 'हॉटडॉग म्हणजे सिगरेटच' अशा हेडलाइन आल्या. पण ग्रुप १ चा अर्थ एवढाच की कॅन्सर होतो याचा पुरावा पक्का आहे, किती होतो ते त्यात येत नाही. किती, तर रोज ५० ग्रॅम, म्हणजे साधारण एक सॉसेज, खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. अमेरिकेत हा कॅन्सर आयुष्यात कधीतरी होणारे दर १०० मागे साधारण ४ लोक असतात, ते रोज खाल्लं तर ५ च्या आसपास जातात. रोज! जुलैत दोनदा खाल्ल्याने नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की अंगणातल्या किंवा बेसबॉलच्या मॅचमधल्या हॉटडॉगला कुणी घाबरू नये, घाबरायचं ते फ्रिजमधल्या पॅकेटला. सकाळी वेळ नसतो, पोरगं पोळीभाजीचा डबा तसाच परत आणतं, सॉसेज मायक्रोवेव्हमध्ये एका मिनिटात होतं, 'तेवढंच प्रोटीन जातं पोटात' असं आपण स्वतःला सांगतो आणि बघता बघता सोमवार-बुधवार-शुक्रवार तेच होऊन बसतं. प्रोटीनचं म्हणाल तर बीफच्या एका साध्या सॉसेजमध्ये ते ५-६ ग्रॅम असतं आणि फॅट १३ ग्रॅमच्या वर. उकडलेल्या एका अंड्यात तेवढंच प्रोटीन मिळतं, फॅट निम्म्याहून कमी.

आणि मीठ. मीठाबद्दल कुणी फॉरवर्ड करत नाही, पण आपल्या लोकांसाठी मला तीच मोठी गोष्ट वाटते. एका सॉसेजमध्ये ४५०-५०० मिलिग्रॅम सोडियम (मिठातलं), बनमध्ये आणखी २०० च्या आसपास, वर केचप, मस्टर्ड, रेलिश, झालं की ८०० च्या पुढे. दिवसाचं सोडियम २००० च्या आत ठेवा असं डब्ल्यूएचओ सांगतं. आपण खाणार दोन, बाजूला चिप्स, आणि घरी आल्यावर 'पोट बिघडलंय गं, साधा वरणभातच कर' आणि त्याच्यासोबत लोणचं, पापड. बीपी आणि हार्टचा त्रास आपल्या दक्षिण आशियाई लोकांत आधीच जास्त आणि लवकर, त्यात ही भर. २१ देशांत केलेला प्युअर नावाचा एक मोठा अभ्यास आहे, त्यात भारतही होता, २०२१ साली त्याचे आकडे आले. आठवड्याला १५० ग्रॅम किंवा जास्त प्रोसेस्ड मीट खाणाऱ्यांत हार्ट आणि स्ट्रोकचा धोका अजिबात न खाणाऱ्यांपेक्षा ४६ टक्के जास्त दिसला. साध्या, प्रक्रिया न केलेल्या मटण-चिकनचं तसं दिसलं नाही. आता असे अभ्यास कारण सिद्ध करत नाहीत, जे जास्त सॉसेज खातात त्यांचं बाकीचंही खाणंपिणं वेगळं असू शकतं, मान्य. पण १५० ग्रॅम म्हणजे तीनच सॉसेज होतात हो. कॉस्टको या घाऊक दुकानातलं हॉटडॉगचं जे सॉसेज १९८५ पासून दीड डॉलरला कोल्ड्रिंकसकट मिळतं ते तर एकटंच पाव पौंडाचं असतं, म्हणजे साध्या दोन सॉसेजच्या बरोबरीचं.

आता 'आम्ही बीफ खात नाही, चिकनचं आणतो' वाल्यांसाठी (त्यात मीही आले). फॅट कमी असतं, खरं आहे. पण मीठ तेवढंच, कधीकधी जास्तच, आणि प्रोसेस्ड मीटच्या व्याख्येत चिकन-टर्कीही येतं. लेबलवर 'मेकॅनिकली सेपरेटेड चिकन' दिसलं तर ते हाडांना चिकटून राहिलेलं मांस दाबाने चाळणीतून काढून केलेला लगदा असतो. त्याने अपाय होतो असं नाही, मला आपलं बघवत नाही. आणि श्रावण-सोमवार पाळणाऱ्या घरांनी आणखी एक बघावं, काही चिकन सॉसेजची बाहेरची साल बीफ किंवा पोर्कच्या कोलॅजनची असते. 'स्किनलेस' लिहिलं असेल तर तो प्रश्न सहसा येत नाही, तिथे साचा सेल्युलोजचा असतो आणि पॅक करायच्या आधी तो सोलून टाकतात.

मग ते महागातलं 'अनक्युअर्ड, नो नायट्राइट' पॅकेट? मला यात सरळ बनवाबनवी वाटते. नायट्राइट हा मांस टिकवणारा क्षार, तो घालतात ते बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू नयेत म्हणून, सॉसेजला गुलाबी रंगही त्यानेच येतो, नाहीतर शिजल्यावर ते करडं दिसलं असतं. त्याच नायट्राइटपासून पुढे पोटात कॅन्सरला कारण ठरणारी संयुगं बनू शकतात. अनक्युअर्डवाले काय करतात, तर सेलरी नावाच्या भाजीची पावडर घालतात, तिच्यात नैसर्गिक नायट्रेट भरपूर, आणि त्याचं शेवटी नायट्राइटच होतं. केमिस्ट्रीला ते सेलरीतून आलं का केमिकलच्या डब्यातून, काही फरक पडत नाही. पॅकेटवर बारीक अक्षरात 'सेलरी पावडरमध्ये नैसर्गिकरीत्या असलेलं सोडून' असं लिहिलेलंही असतं, चष्मा लावून वाचा.

गरोदर बाई घरात असेल तर पॅकेटमधून काढून थंडच खाणं बंद. लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रिजच्या गारव्यातही वाढतो, सॉसेज वाफ येईपर्यंत गरम करायचं, ७४ डिग्री सेल्सिअस.

आणि लहान मुलं. कॅन्सर-बिन्सर पुढच्या वीस-तीस वर्षांतल्या गोष्टी, घशात अडकणं आत्ताचं आहे. सॉसेज गोल, गुळगुळीत, दाबलं तर दबणारं, आणि जाडीला बरोब्बर लहान मुलाच्या श्वासनलिकेएवढं, बूच बसावं तसं बसतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० साली यावर रीतसर पत्रक काढून असे पदार्थ नव्याने डिझाइन करा असंही सुचवलं होतं. भारतातून आजी-आजोबा आले की प्रेमाने सुरीने गोल चकत्या करून नातवाच्या ताटलीत ठेवतात, आणि चकतीच सगळ्यात वाईट. चार वर्षांपर्यंतच्या मुलाला देताना सॉसेज आधी उभं चिरायचं, परत उभं चिरायचं, त्या लांब फोडींचे मग बारीक तुकडे करायचे, आणि मूल एका जागी बसलेलं असतानाच द्यायचं. द्राक्षंही तशीच उभी चिरून.